एंटरप्राइझ आर्किटेक्ट व्हायचंय? चला स्टोअरमध्ये!

मराठी विभागासाठी मी लेख देणार हे कळल्यावर आमच्या वर्गात जो हशा पिकला, तो म्हणे मेसपर्यंत ऐकू गेला. हसणाऱ्यांचं काही चुकलं नाही. मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि घरी सावेडीत आजीसमोर इंग्रजी फाडलं की "आता तुझ्या त्या मॅडमकडेच जेवायला जा!" अशी धमकी. दोन्हीकडचा दंड भरत भरत मी लहानाची मोठी झाले. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासले आहेत, काही शंका असल्यास थेट तिच्याशी संपर्क साधावा. मजकूर मात्र माझाच आहे.

विषय करिअरचा आहे. (थांबा, पान उलटू नका!) 'यशाची दहा सूत्रं' वगैरे माझ्याकडे नाहीत. मागच्या सेमिस्टरला अख्खा वर्ग एआयवर सेमिनार देत होता, म्हणून मी जरा वेगळं काहीतरी घ्यावं असं ठरवलं आणि 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर' हा विषय उचलला. हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणाल्या, "म्हणजे तू ब्रँच बदलतेयस?" मावशी म्हणाली, "बरं झालं बाई, आमच्या पाईपलाईन रोडच्या प्लॉटचा प्लॅन काढून दे." मावशीला मी अजून समजावतेच आहे. तुम्हालाही तसंच समजावून बघते.

घर बांधायला आर्किटेक्ट लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शहराचं काय? माझ्या घरच्या नळाला जे पाणी येतं ते मुळा धरणातलं. धरणातून विळद, विळदहून वसंत टेकडी, टेकडीवरच्या टाकीतून सावेडी आणि शेवटी आमची बादली. यातल्या एका टप्प्यावर पंप बंद पडला तर आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी सातला काय बोलतात ते इथे छापता येणार नाही. आता हे सगळं मिळून एक काम आहे, पण ते कुठल्याच एका बिल्डिंगमध्ये नाही. कोणीतरी सबंध रस्ता डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. आपल्या नगरला हे नवीनही नाही. १४९० साली शहर वसलं आणि निजामशाहीत आजूबाजूच्या उंचवट्यांवरून जमिनीखालच्या खापरी नळांनी इथे पाणी आणलं गेलं. तुम्ही संध्याकाळी भेळ खायला ज्या भिस्तबाग चौकात येता, त्याच्या नावातली बाग त्याच काळातली. तेव्हाच्या माणसाने उतार, विहिरी, वळणं आणि पाणी शेवटी कोणाच्या हौदात जाणार हे सगळं एकदम डोक्यात धरलं होतं.

याच्या उलट उदाहरण आमच्या गल्लीतलं. आधी रस्ता झाला. मग पाण्याच्या लाईनसाठी तो खोदला. मग बुजवला. मग ड्रेनेजसाठी खोदला. मग केबलसाठी. प्रत्येकाने आपापलं काम अगदी व्यवस्थित केलं, मी स्वतः बघितलंय! फक्त चौघांनी एकत्र बसून एक कागद बघितला नाही.

कंपनीतही असंच होतं. खरेदीवाल्यांचं एक सॉफ्टवेअर, पगाराचं दुसरं, स्टोअरचं तिसरं, मालकाच्या मुलाने बनवून घेतलेलं एक ॲप, आणि सगळ्यात महत्त्वाची माहिती कुणाच्या तरी एक्सेलमध्ये. एंटरप्राइझ म्हणजे असा एक अख्खा कारभार. मग ती कंपनी असेल, बँक असेल, हॉस्पिटल असेल नाहीतर जिल्हा परिषद. एंटरप्राइझ आर्किटेक्ट त्या कारभाराचा नकाशा काढतो. काम काय चालतं, त्यासाठी कुठली माहिती लागते, ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये राहते, आणि ते सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर, कुठल्या नेटवर्कवर चालतं, असे चार थर. आणि मग आज जे आहे तिथून उद्या जे हवं तिथे कुठल्या वाटेने जायचं, कुठला रस्ता आधी खोदायचा, हे सांगतो.

थोडा इतिहास, कारण सेमिनारमध्ये त्यालाच मार्क मिळतात. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये एक पेपर लिहिला, तिथून या विषयाची सुरुवात धरतात. त्यांच्या चौकटीत सहा प्रश्न आहेत: काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का. गंमत म्हणजे १९८७ च्या पेपरमध्ये पहिल्या तीन प्रश्नांचेच रकाने मांडले होते. 'कोण, केव्हा, का' १९९२ मध्ये, जॉन सोवा यांच्याबरोबरच्या पेपरमध्ये आले. म्हणजे मशीनचे प्रश्न आधी आणि माणसांचे पाच वर्षांनी! १९९५ मध्ये ओपन ग्रुप या संस्थेने 'टोगॅफ' आणलं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका चौकटीवरून. नोकरीच्या जाहिरातीत आज जे सर्टिफिकेट मागतात ते हेच. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये 'इंडिया' नावाची (स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच) स्वतःची चौकट काढली, खात्याखात्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलावीत म्हणून.

आता हे सगळं मी पाठ केलं होतं. समजलं मात्र आमच्या स्वयंपाकघरात.

माझे बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. नाव नको, बाबांना तिथेच नोकरी करायची आहे. बावीस वर्षं तेच स्टोअर, तेच रॅक. प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड, माल आला की जीआरएन, गेला की इश्यू स्लिप. मागच्या वर्षी कंपनीने नवीन ईआरपी घ्यायचं ठरवलं आणि पुण्याहून कन्सल्टंट आले. तीन तरुण मुलं, तीन लॅपटॉप. मीटिंग सगळी इंग्रजीत. बाबा घरी येऊन मला विचारायचे, "अगं, ते सारखं 'टू-बी, टू-बी' म्हणतात. टीबीचं काही आहे का?" ॲज-इज म्हणजे आज जसं चालतं तसं आणि टू-बी म्हणजे पुढे जसं चालायला हवं तसं, हे मी त्यांना पोळी लाटता लाटता सांगितलं. (पोळी नकाशासारखी झाली, पण तो विषय वेगळा.)

हसण्यासारखं एवढंच होतं. साहेबांनी सरळ सांगितलं होतं की सिस्टिम आली की स्टोअरला पाच माणसं लागणार नाहीत. बाबा पन्नाशीचे. माझी दोन वर्षांची फी बाकी, धाकटा भाऊ बारावीला. बाबा रात्री जेवताना ताटाकडे बघत बसायचे आणि आई उगाचच भाजी वाढायची.

मुलांनी काय केलं, तर जुन्या यादीतून सगळ्या वस्तूंची नावं उचलली आणि प्रोग्रॅम लावून डुप्लिकेट शोधली. आता तुम्ही मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्या. ६२०५ नंबरचं बेअरिंग. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणायचं, आतला व्यास २५ मिलिमीटर, हे तुम्हाला पाठ असेल. त्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असेल तर एक कंपनी लिहिते 'झेडझेड' आणि दुसरी लिहिते 'टू-झेड'. वस्तू तीच, नावं दोन. प्रोग्रॅमने ती वेगळी धरली. उलट झाकण रबराचं असेल तर 'टू-आरएस'. खोक्यावरचं नाव जवळपास तेच, मापं तीच, यादीत कुणीतरी नुसतं '६२०५ बेअरिंग' लिहून ठेवलेलं. प्रोग्रॅमने ती एकच धरली! पण जिथे कूलंटचं पाणी उडतं तिथे पत्र्याचं झाकण चालत नाही, पाणी आत जातं. बाबांना हे विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. मेंटेनन्सचा मुलगा "पंख्याचं बेअरिंग द्या" म्हणाला की ते एका रॅककडे हात करतात आणि "ग्राइंडिंगचं द्या" म्हणाला की दुसऱ्या.

ही सगळी नावं बाबांकडे एका लाल बांधणीच्या वहीत आहेत. खरेदीवाले काय म्हणतात, मेंटेनन्सवाले काय म्हणतात, बिलावर काय छापून येतं. एकदा एक नवा हेल्पर फार गोंधळला म्हणून सुरू केली होती. मी दिवाळीच्या सुट्टीत ती वही एक्सेलमध्ये टाइप करायला घेतली. बाबा वाचायचे, मी विचारायचे, "हे आणि हे सारखं का?" ते कधी म्हणायचे "हो", कधी म्हणायचे "दिसायला". त्या 'दिसायला' शब्दासाठी मी एक वेगळा कॉलम केला.

मास्टर डेटा, मास्टर डेटा म्हणतात तो हाच. एका गोष्टीचं एकच नाव आणि एका नावाची एकच गोष्ट. वाटतं तितकं हे सोपं नाही. तुम्ही सगळे फर्स्ट इयरला 'चांदबीबी महाल' बघायला जाता, डोंगरावर फोटो काढता, स्टेटसला टाकता. ती इमारत म्हणजे सलाबतखानाची कबर आहे, चांदबीबीचा महाल नव्हे. पण रिक्षावाल्याला 'सलाबतखानाच्या कबरीकडे चला' म्हणून बघा! आणि २०२४ मध्ये तर अख्ख्या जिल्ह्याचंच नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. भाषणं झाली, पाट्या बदलल्या. पण किती फॉर्ममध्ये, किती ड्रॉपडाउनमध्ये, किती जन्मदाखल्यांवर जुनं नाव आहे याचा विचार करा. जिथे जिल्ह्याला कोड दिलेला होता आणि नाव नुसतं त्या कोडला चिकटवलेलं होतं, तिथे एका ओळीत काम झालं. जिथे नावच किल्ली म्हणून वापरलं होतं तिथे कुणीतरी रात्रभर बसलं असणार. माझ्या स्कूटीवर मात्र आधीही एमएच १६ होतं, आताही एमएच १६ च आहे.

तर पुन्हा स्टोअरमध्ये. डिसेंबरात त्या टीमचे मोठे सर आले. पन्नाशीचे, टाय नाही, दिसायला आपल्या वर्कशॉपच्या सरांसारखे. हे आले आणि कॉन्फरन्स रूममध्ये गेलेच नाहीत. दोन दिवस स्टोअरच्या बाकावर बसले. बाबांना मराठीत विचारलं, "ही स्लिप कोण लिहितं? तो आज आला नाही तर कोण लिहील? आणि कोणीच लिहिली नाही तर काय अडेल?" बाबा म्हणतात, शेवटच्या प्रश्नाला त्यांना उत्तरच देता येईना, कारण एका स्लिपबाबत खरोखर काहीच अडत नव्हतं. वर्षानुवर्षं तिची तिसरी प्रत एका खोक्यात जात होती आणि खोकं माळ्यावर. मग सरांनी बाबांची वही मागितली. बाबांनी माझी एक्सेल दिली. सरांनी ती बघून विचारलं, "हा 'दिसायला' कॉलम कोणी केला?"

एंटरप्राइझ आर्किटेक्ट मी तेव्हा पहिल्यांदा (बाबांच्या तोंडून का होईना) बघितला. कोडिंग येत असणार त्यांना, पण ते दोन दिवसांत एकदाही कोडिंग करताना दिसले नाहीत.

मग यांना येतं तरी काय? माझ्या सेमिनारची स्लाइड सांगते की टोगॅफमध्ये कौशल्यांचे सात गट आहेत: माणसांशी वागणं, धंद्याची समज, आर्किटेक्चरच्या पद्धती, प्रोजेक्ट सांभाळणं, आयटीची सर्वसाधारण माहिती, खोल तांत्रिक ज्ञान आणि कायदा. प्रत्येकाला चार पायऱ्या, नुसती ओळख ते तज्ज्ञ. सगळ्यात तज्ज्ञ कोणीच नसतो, असू शकत नाही. पण डेटाबेस, नेटवर्क, सिक्युरिटी, क्लाउड यांपैकी एकात तरी हात काळे झालेले हवेत, नाहीतर डेव्हलपर पोरं तुम्हाला गुंडाळून ठेवतील. आपण जो डीबीएमएसचा पेपर 'सुटला एकदाचा' म्हणून विसरतो, त्यातलं नॉर्मलायझेशन म्हणजे बाबांची लाल वहीच आहे. कायदाही लागतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर कुणाची कुठली माहिती कुठे ठेवली हे नकाशावर दाखवता यायला हवं. ताळेबंद वाचता आला पाहिजे. आमच्या वर्गात बॅलन्स शीट वाचता येणारी एकच मुलगी आहे, तिच्या वडिलांचं मार्केट यार्डात दुकान आहे.

या सगळ्यापेक्षा मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं त्याला स्लाइडवर 'इंटरपर्सनल कम्युनिकेशन' असं गुळमुळीत नाव आहे. मी त्याला दुभाषेपणा म्हणते. साहेबांना 'इन्व्हेंटरी टर्नओव्हर' कळतं, बाबांना 'माल पडून आहे' कळतं. दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, आणि मध्ये कुणी नसेल तर दोघंही एकमेकांना मूर्ख समजतात. प्लेसमेंट सेलमध्ये कॉन्व्हेंटच्या मुलींचं 'कम्युनिकेशन चांगलं' असं धरून चालतात. खोटं आहे ते! आमचं इंग्रजी चांगलं असतं. बाबांना स्टोअरमध्ये नक्की काय येतं हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं, कारण त्यांनी ते इंग्रजीत कधी सांगितलं नाही आणि मी मराठीत कधी विचारलं नाही.

ऐकून घेतलं नाही तर काय होतं, याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण वारणानगरचं आहे. कोल्हापूर जिल्हा, तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून आसपासच्या सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण, सगळं तिथे मिळणार असं स्वप्न होतं. त्या काळात केवढी मोठी गोष्ट! पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या मंडळींनी जाऊन बघितलं, तर ती केंद्रं मुख्यतः कारखान्याच्या कामालाच वापरली जात होती: माझा ऊस किती टन भरला, पैसे कधी मिळणार, खत किती उचललं. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. कॉम्प्युटर बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर दिली. काम भागलं, आणि स्वस्तात भागलं. त्यांचा पेपर 'वारणा अनवायर्ड' या नावाने आहे, जरूर वाचा, सोपा आहे. माझ्या मते पहिल्या प्रकल्पाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, १९९८ मध्ये कुणाच्या खिशात मोबाइल होता? पण 'का' हा रकाना शेतकऱ्याने भरायचा की दिल्लीने, एवढं त्यातून दिसतं.

चांगला नमुना हवा असेल तर आपला सातबारा बघा. माझं आजोळ पारनेर तालुक्यातलं, त्यामुळे सातबारा हा शब्द मी एबीसीडीच्या आधी ऐकला असेन. पण तो 'सात' आणि 'बारा' असे दोन वेगळे गाव नमुने आहेत हे आमच्या वर्गात चौघांनाच माहीत होतं. नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते, नमुना बारामध्ये पीक कुठलं ते. मालकी बदलते ती फेरफार झाला की, कदाचित तीस वर्षांत एकदा. पीक बदलतं दर हंगामाला. म्हणजे एकाच कागदावर दोन टेबलं, दोघांचा वेग वेगळा. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो. पूर्वी ती तलाठी करायचे. कागद तसाच दिसतो, पण 'बारा'ची माहिती कुठून येते तो उगम बदलला. माझ्या आजोबांना ॲप उघडता येत नाही, ते मामेभावाकडून करून घेतात. हा मामेभाऊ सरकारच्या कुठल्याही आकृतीत नाही, पण त्याच्याशिवाय आजोबांच्या बाराचा रकाना भरत नाही!

असो. पुन्हा कंपनी. साहेबांना सिस्टिम १ एप्रिललाच सुरू करायची होती, नवं आर्थिक वर्ष, नारळ वगैरे. सरांनी सगळ्यांसमोर 'नाही' सांगितलं. आधी आयटम मास्टर साफ करा, स्टॉक मोजा, मग. बाबा सांगतात, साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कन्सल्टंटने गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं! पण ते ओरडले नाहीत की चिडले नाहीत. एका कागदावर ६२०५ ची चार नावं लिहून दाखवली, एवढंच. सिस्टिम जुलैत सुरू झाली.

बाबांना आता स्टोअरमध्येच एक टेबल आणि कॉम्प्युटर आहे. नवीन वस्तूला कोड द्यायचा असेल तर त्यांच्या सहीशिवाय देत नाहीत. मी त्यांना कॉपी-पेस्ट शिकवलं, ते अजून उजवं बटण दाबूनच करतात. स्टोअरमधली माणसं मात्र पाचाची तीन झाली.

गेलेल्या दोघांपैकी एक मामा मला लहानपणापासून ओळखतात. पूजेच्या दिवशी कंपनीत गेले की मला उचलून वजनकाट्यावर उभं करायचे. इश्यू स्लिपच्या नोंदी रजिस्टरवर उतरवणं हे त्यांचं काम. टू-बी च्या कागदावर ते काम नव्हतं, कारण सिस्टिम ते आपोआप करते. मी जी एक्सेल टाइप केली तिच्यामुळे बाबांचं टेबल टिकलं, आणि तिच्यामुळेच सिस्टिम इतकी नीट चालली की मामांची गरज उरली नाही. हे मी बाबांजवळ बोलले तर ते म्हणाले, "तू नसतं केलंस तर मीही गेलो असतो, आणि तोही गेला असता." हिशोब बरोबर आहे. मामा आता संध्याकाळी भिस्तबाग चौकात भाजीची गाडी लावतात. मला बघितलं की कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकतात आणि पैसे घेत नाहीत, म्हणून मी हल्ली आईलाच पाठवते.

सेमिनार झाल्यावर मी मॅडमना विचारलं की या चौकटींमध्ये मामांसाठी कुठला रकाना आहे. मॅडमनी मला टोगॅफमधलं गॅप ॲनालिसिस पुन्हा वाचायला लावलं. त्यात एक तक्ता असतो. उभ्या बाजूला आज जे आहे ते सगळं, आडव्या बाजूला उद्या जे हवं ते सगळं, आणि अगदी शेवटी एक रकाना 'काढून टाकलेलं' म्हणून. त्या रकान्यात काही पडलं की विचारायचं असतं: हे मुद्दाम काढलंय की चुकून राहून गेलंय? उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी हे सेमिनारच्या आधी एकदा वाचलंही होतं, पण तेव्हा त्या ओळींमध्ये नुसती सॉफ्टवेअरं दिसत होती. मोठ्या सरांनी मामांच्या ओळीपुढे काय लिहिलं असेल, की स्टोअरमध्ये ही ओळ होती की नव्हती, हे बाबांना माहीत नाही. मी सरांना ई-मेल पाठवून विचारलंय.

ही नोकरी आपल्याला कॅम्पसमधून मिळणार नाही हे सांगून टाकते. 'एसएफआयए' नावाची आयटी कौशल्यांची जी सात पायऱ्यांची जागतिक शिडी आहे तिच्यात एंटरप्राइझ आर्किटेक्चर पाचव्या पायरीपासूनच सुरू होतं. आधी डेव्हलपर, टेस्टर नाहीतर ॲनालिस्ट म्हणून चांगली दहा-पंधरा वर्षं घासावी लागतात. तोपर्यंत मी निदान पस्तिशीची, तेव्हा मावशीच्या प्लॉटचं बांधकाम झालेलं असेल अशी आशा आहे. पण सवय आतापासून लावायला कोण अडवतंय? मी मिनी-प्रोजेक्टसाठी आपल्याच हॉस्टेलचा नकाशा करायला घेतलाय. मेसचं रिबेट. सुट्टीला घरी जाताना तुम्ही अर्ज देता तिथपासून बिलात पैसे कमी होईपर्यंत. आतापर्यंत मोजलेल्या सह्या पाच, रजिस्टरं तीन, आणि एकाच मुलीचं नाव तिन्ही रजिस्टरांत तीन प्रकारे (एकात वडिलांचं नाव आधी, एकात आडनाव आधी, एकात नुसतं 'रूम १४ वाली उंच'). सगळं ॲपवर आणलं तर सह्या पाचाच्या दोन होतील, हे कागदावर सहज दिसतं.

पण शेवटचा रकाना मी अजून भरलेला नाही. त्या तीन रजिस्टरांपैकी एक मेसचे काका रोज रात्री साडेनऊला स्वतःच्या हाताने लिहितात, आणि कोण दोन दिवस जेवायला आलं नाही हे रेक्टर मॅडमच्या आधी त्यांना कळतं. मागच्या पावसाळ्यात थर्ड फ्लोअरची एक मुलगी तापाने खोलीत पडून होती, तेव्हा तिची चौकशी पहिल्यांदा कुणी केली ते थर्ड फ्लोअरला विचारा. ॲपमध्ये हे कुठल्या चौकोनात घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही. ज्यांना सुचेल त्यांनी, आणि ज्यांच्याकडे रिबेटच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी, गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर लायब्ररीच्या मागच्या कट्ट्यावर भेटावं. पावत्या झेरॉक्स करून परत देईन.